फणस लावू की नीरफणस? : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी एका उत्तराच्या ओघात लिहून गेले होते की नीरफणस म्हणजे फणसाची छोटी जात नव्हे, ते वेगळंच झाड आहे. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आलीत की यावेळचं सगळं सदर या दोघांनाच देतेय. बरेच प्रश्न एकसारखे होते ते एकत्र केलेत आणि नावं गाळलीत.

प्रश्न : ताई नमस्कार. घरामागे एकच मोठं झाड मावेल इतकी जागा आहे, ३५ फूट बाय ३५ फूट असेल. ह्यांचं म्हणणं फणस लावू, मला मात्र नीरफणस हवाय कारण तो लवकर फळतो असं ऐकलंय आणि एवढं मोठं धूड फोडत बसायची कटकट नाही. दोघं एकाच घराण्यातले ना, मग काळजीही सारखीच असेल असं मला वाटतं. आमच्याकडे थंडीत रात्री पारा ९-१० पर्यंत उतरतो आणि पावसाळ्यात एका कोपऱ्यात पाणी २-३ दिवस तुंबून राहतं. कुठलं लावू?

उत्तर : तुमच्या पत्रातलं थंडीचं आणि पाण्याचं वाक्य मी दोनदा वाचलं, कारण उत्तर त्यातच आहे. फणस लावा. आणि त्या कोपऱ्यापासून जमेल तितका लांब लावा.

आता का ते सांगते. घराणं एक आहे हे खरंच, दोघंही तुतीच्या कुळातले, म्हणजे वड, उंबर, अंजीर ही सगळी त्यांची नातेवाईक मंडळी, आणि दोघांच्या शास्त्रीय नावाचा पहिला शब्दही एकच, आर्टोकार्पस. ग्रीक भाषेत आर्टोस म्हणजे पाव आणि कार्पोस म्हणजे फळ. फणस हा आर्टोकार्पस हेटेरोफायलस आणि नीरफणस आर्टोकार्पस अल्टिलिस. पण फणस मूळचा पश्चिम घाटाच्या जंगलांतला आणि नीरफणसाचे पूर्वज न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांवरचे, तिथून माणसांनी होड्यांतून रोपं नेत नेत तो पॅसिफिकभर पसरवला. बेटावर चहूबाजूंनी समुद्र, तो रात्रीचा पारा फार खाली जाऊच देत नाही, आणि हजारो वर्षं अशा हवेत वाढलेल्या झाडाला थंडी सोसायची सवयच नाही. नीरफणसाला मनापासून मानवतं ते २१ ते ३२ अंश. पारा १६ च्या खाली राहायला लागला की वाढ मंदावते, १० च्या खाली पानं गळणं, शेंडे करपणं सुरू होतं आणि ५ च्या खाली अख्खं झाडच धोक्यात. फणसाचं तसं नाही. मोठा झालेला फणस एखाद्या रात्री शून्याच्या आसपासची थंडी काही तास सोसून जातो, रोप मात्र त्यात मरतं, म्हणून पहिले दोन हिवाळे त्याला रात्री झाकावं लागतं एवढंच.

लोक मला वर्षाची सरासरी कळवतात, आमच्याकडे २५ आहे, २६ आहे, तर त्याचा इथे फारसा उपयोग नाही. सगळ्यात थंड रात्री किती होतं आणि अशा रात्री सलग किती असतात हे बघा. तुमच्याकडे ९-१० असेल तर नीरफणस एखाद्या वर्षी जगेलही, पण दर हिवाळ्यात शेंडे जळणार आणि दर उन्हाळ्यात तो तेच भरून काढत बसणार, फळापर्यंत पोचायला त्याच्यात ताकदच उरणार नाही.

पाण्याबद्दल उलट फणसाचीच काळजी जास्त घ्यायला हवी. मुळांना मातीतली हवा लागते, पाणी तुंबलं की मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरतात आणि मुळं गुदमरतात, मग कुजतात. फणसाच्या मुळाशी असं पाणी दोन-तीन दिवस उभं राहिलं तर चांगलं वाढलेलं झाडही बसतं. माझा स्वतःचा पहिला फणस असाच गेला. चार वर्षांचा होता, अंगाखांद्याने छान भरलेला, आणि शेजारच्या बांधकामाच्या मातीने पाण्याची वाट बंद झाली हे मला आठवडाभर कळलंच नाही. पानं पिवळी दिसायला लागली तेव्हा मला वाटलं खत कमी पडतंय म्हणून मी खत घातलं, पाणीही घातलं, म्हणजे जे नको तेच केलं. पंधरा दिवसांत झाड वाळलं. अजून त्या जागेवर गेलं की वाईट वाटतं. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, सपाट जमिनीत खड्डा खणून त्यात फणस लावू नका, माती भरून फूट-दीड फूट उंचवटा करा आणि त्याच्यावर लावा, भोवताली उतार ठेवा. पाण्याचा निचरा नीरफणसालाही लागतो हे लक्षात असू द्या, फक्त त्याच्या काही जाती प्रवाळाच्या वाळूत, खारट हवेतही तग धरतात, फणसाला खारट पाणी बाधतं.

आता लवकर फळण्याचं. तुम्ही ऐकलंय ते अर्धं खरं आहे. नीरफणस फुटव्यापासून लावला तर ३ ते ५ वर्षांत फळतो. आठळीपासून उगवलेला फणस ५ ते ८ वर्षं घेतो, कधी त्याहून जास्त. पण फणसाचं चांगलं कलम लावलंत तर तोही ३-४ वर्षांत सुरू होतो, म्हणजे फरक फणस आणि नीरफणस यांच्यात नसून आठळी आणि कलम यांच्यात आहे.

आणि एक गोष्ट जी लावायच्या आधीच माहीत असायला हवी. फणस खोडाला आणि जाड जुन्या फांद्यांना लागतो, नीरफणस फांद्यांच्या टोकांना. वाचायला साधं वाटतं पण पुढची सगळी वर्षं त्यावर ठरतात. फणसाचा शेंडा १२-१५ फुटांवर मारला, आत ऊन खेळेल अशा मधल्या फांद्या काढल्या तरी फळ खोडावर येतच राहतं, हाताच्या उंचीवर. नीरफणस मोकळा सोडला तर तो ५० फुटांवर जातो आणि फळं तिकडे वर टोकाला, मग ती काढणार कोण? जमिनीवर पडलेला नीरफणस फुटतो आणि वायाच जातो. म्हणून त्याची छाटणी दर वर्षी, बहर संपल्या संपल्या करायची, कारण पुढची फळं नव्या फुटीलाच येतात. ही वार्षिक छाटणी होणार नसेल तर घराजवळ नीरफणस नकोच असं माझं स्पष्ट मत आहे. तुमची जागा ३५ फूट आहे, तर फणस बरोबर मधोमध लावा म्हणजे भिंतीपासून चारी बाजूंनी १५-१७ फूट अंतर राहील, आणि वीसेक किलोचं फळ पडू शकतं हे धरून खाली बसायचा बाक वगैरे ठेवू नका.

प्रश्न : मी एका नर्सरीतून "बियांपासून केलेला नीरफणस" म्हणून रोप आणलं होतं, सहा वर्षं वाढवलं, पानं अगदी नीरफणसासारखी मोठी, कातरलेली. यंदा पहिलं फळ आलं तर ते काटेरी आणि कापल्यावर आत नुसत्या बियाच बिया, गर जवळजवळ नाहीच. माझी फसवणूक झाली की झाड बिघडलं?

उत्तर : झाड अजिबात बिघडलेलं नाही, ते जे आहे तेच देतंय. तुमच्याकडे जे आहे ते बहुतेक नीरफणसाचा पूर्वज, आर्टोकार्पस कमान्सी, म्हणजे बियांचा नीरफणस म्हणू आपण त्याला. पानं इतकी मिळतीजुळती असतात की रोप असताना भलेभले चुकतात, त्यामुळे नर्सरीवाल्याने मुद्दाम केलं असेल असं मी म्हणणार नाही.

खूण अशी, जी लक्षात ठेवलीत तर पुन्हा असं होणार नाही. आपण ज्याला नीरफणस म्हणतो त्याच्या बहुतेक चांगल्या जातींना बीच नसतं. त्यातल्या बऱ्याच जातींमध्ये गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, अशा झाडात बी धरत नाही, फळ मात्र परागीभवनाशिवायच भरतं. थोडंफार बी असणाऱ्या जातीही आहेत, पण "बियांपासून केलेला नीरफणस" असं कुणी म्हटलं की सावध व्हायचं. खरा नीरफणस मुळांवर आलेल्या फुटव्यांपासून, मुळांच्या तुकड्यांपासून, गुटी कलमाने किंवा आता टिश्यू कल्चरने करतात. याची मुळं जमिनीत उथळ असतात, खुरपताना मुळाला जखम झाली की तिथून फुटवा येतो. तो वीतभर वाढला आणि त्याला स्वतःची मुळं सुटली की मूळ दोन्ही बाजूंनी कापून सावलीत पिशवीत लावायचा, पानं निम्मी करायची, आणि पहिले दोन-तीन महिने माती सुकू द्यायची नाही पण चिखलही करायचा नाही. लगेच कडक उन्हात ठेवला तर तो बहुतेक वेळा जातोच.

याच बी नसण्याने एकदा केवढा इतिहास घडलाय. इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सने १७६९ मध्ये कॅप्टन कुकच्या सफरीत पॅसिफिकमधल्या ताहिती बेटावर हे झाड पाहिलं आणि पुढे इंग्रजांनी ठरवलं की वेस्ट इंडिजमधल्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांना स्वस्तात खायला घालायला हेच न्यायचं. १७८७ च्या शेवटी कॅप्टन ब्लाय बाउंटी नावाची बोट घेऊन निघाला. बी असतं तर पोतं भरून आणलं असतं, पण इथे जिवंत रोपं कुंड्यांत तयार करून न्यायची होती, त्यामुळे ताहितीला सुमारे ५ महिने मुक्काम झाला आणि १,०१५ रोपं बोटीवर चढली. २८ एप्रिल १७८९ ला खलाशांनी बंड केलं, ब्लायला छोट्या होडीत सोडून दिलं आणि रोपं समुद्रात फेकली. ब्लाय पुन्हा दुसऱ्या बोटीने गेला आणि १७९३ मध्ये रोपं सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला पोचवली. ज्यांच्यासाठी एवढं केलं त्या लोकांनी सुरुवातीला ते फळ खायला नकार दिला, आणि मला ते अगदी समजू शकतं, आपल्याला न विचारता आपल्या ताटात काय पडणार हे ठरवलेलं कुणाला आवडेल. आज तिथे ते घराघरातलं अन्न आहे.

तुमच्या झाडाबद्दल, ते तोडू नका हो. बिया मिठाच्या पाण्यात २५-३० मिनिटं उकडा किंवा भाजा, चव चेस्टनटसारखी लागते, आणि नीरफणसाच्या गरापेक्षा प्रथिनं त्यात कितीतरी जास्त. कोवळं फळ असताना अख्खं चिरून भाजीही होते.

प्रश्न : फणसाला दोन वर्षांपासून पन्नासेक छोटी छोटी फळं लागतात, अंगठ्याएवढी, थोडी मोठी होतात, मग काळी बुरशी येते आणि सगळी गळतात. बुरशीनाशक मारलं तरी तेच. काय करू?

उत्तर : फवारणी आधी थांबवा. गळतायत ती फळं नाहीतच, ती नर फुलं आहेत. हा प्रश्न दर वर्षी येतो आणि दर वर्षी कुणीतरी औषधावर पैसे घालवून बसलेलं असतं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फणसाच्या एकाच झाडावर नर आणि मादी असे दोन वेगळे फुलोरे येतात आणि दोन्ही छोट्या फणसासारखेच दिसतात. हंगामात नर आधी येतात, संख्येने खूप जास्त, बारीक फांद्यांवरही येतात, देठ बारीक आणि अंग गुळगुळीत. पुढे त्याच्यावर पिवळसर परागाची पूड दिसते, गोडसर वास येतो, पराग सांडून झाला की त्याचं काम संपलं, त्याच्यावर रायझोपस जातीची काळी बुरशी चढते आणि तो गळतो. मादी फुलोरा खोडावर किंवा जाड फांदीवर, देठ जाड, देठाच्या टोकाला बांगडीसारखं हिरवं वळं आणि अंगावर बारीक केसासारखे तंतू. टिकतो तो हाच. नव्याने फुलायला लागलेलं झाड पहिली एक-दोन वर्षं नुसती नर फुलंच देतं हेही अगदी नेहमीचं आहे, तेव्हा तुमचं झाड अजून एखाद्या वर्षाने मादी फुलं दाखवेल.

या काळ्या पडणाऱ्या फुलांमागे एक गोष्ट आहे जी मला फार आवडते. फ्लोरिडात फणसाच्या झाडांवर काम करणाऱ्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की तिथे परागीभवन करणारा कीटक म्हणजे चिलटासारखी एक बारीक माशी आहे, तोवर विज्ञानाला माहीत नसलेली, आणि ती नर फुलोऱ्यातच अंडी घालते. म्हणजे जी फुलं आपण रोगट समजून खुडून फेकतो ती कुणाचं तरी बाळंतघर असू शकतं, आणि तिथूनच पराग मादी फुलापर्यंत पोचतो. फणसातला प्रत्येक गरा म्हणजे परागीभवन झालेलं एकेक फूल, आणि गऱ्यांच्या मधल्या त्या चपट्या पट्ट्या म्हणजे ज्यांना पराग मिळालाच नाही ती फुलं. फळ वेडंवाकडं, एका बाजूने बसलेलं निघालं की त्या बाजूला पराग कमी पोचले असं समजायचं.

म्हणून नर फुलं झाडावर असेपर्यंत राहू द्या, गळून पडलेली मात्र गोळा करून लांब खतात टाका कारण ओल्या हवेत हीच बुरशी खऱ्या कोवळ्या फळांनाही कुजवते. दोन फळं एकमेकांना चिकटून वाढत असतील तर एक काढून भाजीला घ्या.

प्रश्न : कुंडीत होतील का?

उत्तर : नीरफणस नाही. फणसाचं कलम मोठ्या ड्रममध्ये तीन-चार वर्षं राहील, पण शेवटी जमीन द्यावीच लागेल.

प्रश्न : चांगल्या कापा फणसाच्या आठळ्या धुऊन, वाळवून वर्षभर जपून ठेवल्या आणि आता पेरल्या तर एकही उगवली नाही. बियाणं खराब होतं का?

उत्तर : बियाणं चांगलं होतं, वाळवल्यामुळे मेलं. धान्याचं बी वाळलं की झोपतं आणि ओल मिळाली की जागं होतं, आठळीला ती झोप येत नाही, ती सुकली की संपली. फळातून काढल्यावर लवकरात लवकर, महिन्याच्या आतच पेरायची, पेरायच्या आधी एक दिवस पाण्यात भिजवायची आणि आडवी ठेवून वर इंचभरच माती टाकायची. उगवायला ३ ते ८ आठवडे लागतात तेव्हा दहा दिवसांत उकरून बघू नका. शक्यतो जिथे झाड हवंय तिथेच पेरा कारण सोटमूळ नाजूक असतं, पिशवीत गोल फिरलं की झाड आयुष्यभर कमजोर राहतं. पिशवीतच करायचं असेल तर उंच पिशवी घ्या आणि चार पानांवर असतानाच लावून टाका.

आणि कापाच्या आठळीतून कापाच येईल याची खात्री नाही, बरका निघू शकतो, गोडी कमी निघू शकते. तुम्हाला तो विशिष्ट फणसच हवा असेल तर त्याच झाडाची काडी घेऊन मृदकाष्ठ कलम किंवा भेट कलम करून घ्या. मी दोन्ही लावते, कलम खाण्यासाठी आणि आठळीचं झाड लाकडासाठी, कारण फणसाचं पिवळं लाकूड फार मोलाचं, त्याला वाळवी सहजी लागत नाही, घराला, फर्निचरला, वाद्यांना चालतं, आणि गाभ्याच्या भुशातून कापड रंगवायचा पिवळा रंग निघतो. नीरफणसाचं लाकूड हलकं आणि मऊ, ते लाकूड म्हणून लावायचं झाड नाही.

प्रश्न : स्वयंपाकात फणसाच्या जागी नीरफणस आणि नीरफणसाच्या जागी फणस चालतो का? घरात डायबेटिस आहे आणि एकाला किडनीचा त्रास आहे म्हणून विचारते. फणसात खूप प्रोटीन असतं, मांसाऐवजी खातात, असंही वाचलंय.

उत्तर : कच्चे असताना थोडंफार चालतं, पिकल्यावर अजिबात नाही. नीरफणसाचा विचार बटाट्यासारखा करा. तो पूर्ण भरला पण अजून टणक आहे अशा वेळी काढायचा आणि उकडायचा, भाजायचा, तळायचा, काप करायचे, अख्खा निखाऱ्यावर भाजला तर साल काळी पडते आणि आतला गर ताज्या पावासारखा मऊ होतो. इंग्रजीत त्याला ब्रेडफ्रूट उगीच नाही म्हणत. वाळवून दळला तर पीठ होतं, त्यात ग्लुटेन नसतं, म्हणून गहू न चालणाऱ्यांना सोयीचं, पण ते गव्हाच्या पिठासारखं ताणलं जात नाही तेव्हा दुसऱ्या पिठात मिसळूनच वापरा. पिकून मऊ झाला की गोड होतो, मग त्याचं गोडाचंच काहीतरी करायचं. फणसाची तऱ्हा वेगळी, कुयरी असताना ती भाजी, त्यानंतर भरलेल्या कच्च्या गऱ्यांचे तळलेले काप, पिकला की फळ, आणि आठळ्या हे चौथंच अन्न. एका झाडात चार गोष्टी मिळतात म्हणून जागा एकाच झाडाची असेल आणि हवा दोघांनाही चालणारी असेल तर मी फणसाकडे झुकते. पण रोजच्या जेवणात पोट भरायला काय, असं विचारलंत तर नीरफणस. चांगलं वाढलेलं झाड वर्षाला १५०-२०० फळं देतं, एकेक किलो-दोन किलोचं, म्हणजे एका वेळेला एका घरात संपणारं, अर्धं फळ कुणाला देऊ असा प्रश्न पडत नाही.

आता आकडे. १०० ग्रॅम कच्च्या नीरफणसात साधारण १०३ कॅलरी, २७ ग्रॅम कर्बोदकं, जवळजवळ ५ ग्रॅम फायबर आणि प्रथिनं १ ग्रॅमच्या आसपास. १०० ग्रॅम पिकल्या गऱ्यांत ९५ कॅलरी, २३ ग्रॅम कर्बोदकं, त्यातली १९ ग्रॅम साखर, फायबर दीड ग्रॅम, प्रथिनं पावणेदोन ग्रॅम. हे बघितल्यावर प्रोटीनचं उत्तर मिळालंच असेल. कोवळ्या फणसाचे धागे शिजल्यावर मांसासारखे लागतात, ते लागणं तेवढं खरं, प्रथिनांचं नाही. कुणी मांस सोडून फणस खायला लागलं तर डाळी-कडधान्यं वेगळी खावीच लागतील. प्रथिनं थोडी बरी आहेत ती आठळीत, १०० ग्रॅमला ६-७ ग्रॅम, पण आठळी कच्ची खायची नाही, तिच्यात प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते शिजवल्यावर निकामी होतात.

डायबेटिसवाल्यांनी पिके गरे मोजून दोन-तीन आणि तेही जेवणावर नकोत. नीरफणस खाल्ला तर त्या दिवशी भात-पोळी तेवढी कमी, कारण तोही स्टार्चच आहे, भाजी म्हणून वर जास्तीचा वाढला की साखर वाढणारच. किडनीचं मात्र गंभीरपणे घ्या. दोघांतही पोटॅशियम भरपूर आहे, १०० ग्रॅमला ४५० ते ४९० मिलिग्रॅम, आणि किडनी ते बाहेर टाकू शकत नसेल तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. त्या व्यक्तीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्हीतलं काहीही देऊ नका, एक वाटीही नाही. रबराच्या, म्हणजे लेटेक्सच्या हातमोज्यांची ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनीही पहिल्यांदा खाताना जपून.

प्रश्न : नीरफणस झाडावरून उतरवला की दोन दिवसांत मऊ पडतो आणि फणस मात्र आठवडा झाला तरी पिकत नाही. उतरवायची वेळ कशी ओळखायची? आणि चिकाचं काय करायचं, विळी खराब झाली.

उत्तर : नीरफणस फूल दिसल्यापासून चार महिन्यांच्या आसपास तयार होतो. कोवळा असताना सालीवरची दाणेदार नक्षी उठून दिसते, तयार झाला की ती सपाट होते, हिरव्यात पिवळसर झाक येते आणि सालीवर चिकाचे वाळलेले ओघळ दिसतात. ओघळ दिसले की त्याच दिवशी काढा, देठ ठेवून, खाली न पाडता, आणि देठ खाली करून ठेवा म्हणजे चीक निथळतो. मऊ पडणं हा त्याचा स्वभावच, घरच्या हवेत एक ते तीन दिवसच मिळतात. अख्खं फळ पाण्यात बुडवून ठेवलं तर आणखी काही दिवस टणक राहतं. फ्रिजमध्ये अख्खा कच्चा ठेवू नका, १२ अंशांच्या खाली साल तपकिरी होते आणि गर नीट शिजत नाही. त्यापेक्षा फोडी करून अर्धवट उकडा आणि फ्रीजरमध्ये टाका, मी तेच करते, सहा महिने बघावं लागत नाही.

तुमचा फणस पिकत नाहीये याचा अर्थ तो लवकर काढला गेला. काटे कोवळेपणी दाट आणि टोकदार असतात, तयार झाला की बोथट होऊन एकमेकांपासून लांब जातात. देठाजवळचं शेवटचं पान पिवळं पडतं आणि हाताने वाजवल्यावर टणक आवाजाऐवजी पोकळ, घुमणारा आवाज येतो. तीनही खुणा जुळल्या तर काढल्यावर ३ ते १० दिवसांत पिकतोच. आवाजावर एकट्यावर विसंबू नका, माझे कान त्यात बरीच वर्षं चुकत होते.

चिकासाठी पाणी काही कामाचं नाही, चीक पाण्यात विरघळत नाही, उलट घट्ट होतो. विळीला, हाताला, खालच्या पाटाला आधीच खोबरेल लावा, फणस आडवा कापून चीक कागदाने टिपून घ्या आणि मगच पुढचं करा. लागलेला चीक तेलानेच चोळून काढायचा आणि मग साबण. विळी खराब झालेली नसेल हो, तेल लावून तासभर ठेवा, जुन्या फडक्याने पुसा, धार परत दिसेल.